समोर चारशे रेटिंगने जास्त असलेला खेळाडू आला तर : इंदूरच्या नव्या बुद्धिबळपटूंसाठी

खुल्या रेटिंग स्पर्धेत पहिल्यांदा नाव दिलं की बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत तगडा खेळाडू समोर येतो. पालकांना वाटतं, ड्रॉ वाईट निघाला. तसं नसतं. स्विस पद्धतीत जोड्या अशाच लागतात. सगळ्या खेळाडूंची रेटिंगनुसार उतरती यादी करतात, ती मधोमध दुभागतात आणि वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी खेळतो. २०० खेळाडू असतील तर १ नंबरची गाठ १०१ शी, २ ची १०२ शी. तुम्ही यादीत १५०वे असाल तर समोर ५०वा येणार. दुसऱ्या फेरीपासून सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लागतात. म्हणजे हरलात तर पुढचा डाव बराच सोपा आणि जिंकलात तर आणखी तगडा माणूस. असा विषम डाव प्रत्येक स्पर्धेत एक-दोनदा खेळावा लागतोच, म्हणून त्याची तयारी वेगळी करायला हवी.

आधी आकडे समजून घ्या, निम्मी भीती तिथेच जाते. रेटिंगमध्ये ४०० चा फरक असेल तर खालच्या खेळाडूकडून ०.०८ गुणाची अपेक्षा धरतात, २०० चा असेल तर ०.२४, आणि १०० चा असेल तर ०.३६. मिळालेल्या गुणातून ही अपेक्षा वजा करून ‘के’ नावाच्या आकड्याने गुणायचं. नव्या खेळाडूचा के पहिल्या ३० डावांपर्यंत ४० असतो. अठराच्या आतल्या मुलांचाही, रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत, ४० च असतो. आता ४०० ने जास्त असलेल्याशी खेळून हरलात तर जातात ३.२ गुण. बरोबरी केलीत तर १६.८ मिळतात आणि जिंकलात तर ३६.८. समोरच्याचं उलटं असतं. त्याला जिंकून फारसं काही मिळत नाही आणि बरोबरी झाली तरी घाटा. त्या टेबलावर ओझं त्याच्या डोक्यावर जास्त असतं. अजून रेटिंगच नसेल तर काही जातच नाही. पहिलं रेटिंग लागायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान ५ डाव व्हावे लागतात आणि मार्च २०२४ पासून यादीत यायला ते १४०० तरी असावं लागतं.

आदल्या रात्री आणि सकाळी

जोड्या बहुतेक स्पर्धांत आदल्या रात्री किंवा फेरीआधी तास-दोन तास ऑनलाइन लागतात. नाव, रंग आणि बोर्ड नंबर बघा, कागदावर लिहून घ्या आणि फोन ठेवून द्या. समोरच्याचे जुने डाव शोधत रात्री एकपर्यंत बसणं नव्या खेळाडूच्या उपयोगाचं नाही. त्याची ओपनिंग सापडली तरी ती एका रात्रीत पचत नाही. त्यापेक्षा तुमचा जो रंग आहे त्यात तुम्ही नेहमी जे खेळता त्याच्या पहिल्या आठ-दहा चाली पटावर मांडून एकदा फिरवून घ्या. अर्धा तास पुरे.

बाहेरगावचे मित्र आले असतील तर ते सराफ्यात चला म्हणणारच. तिथली खाऊगल्ली दुकानं मिटल्यावर सुरू होते आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालते, तेव्हा ती स्पर्धा संपल्याच्या रात्रीसाठी राखून ठेवा. सकाळी पोहे चालतील, त्यावर जिलेबीचा दुसरा फेरा नको. डाव चार तास चालू शकतो आणि तिसऱ्या तासाला डुलकी येणं फार महागात पडतं. बरोबर पाण्याची बाटली, दोन पेनं, थोडे शेंगदाणे किंवा एखादं केळं असू द्या. मे महिन्यातल्या स्पर्धांत हॉलचा एसी कडक असतो, लहान मुलांना पातळ स्वेटर द्या.

महूहून किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाहून येणाऱ्यांनी माहितीपत्रकातली एक ओळ नीट वाचावी. फेरी सुरू झाल्यावर किती मिनिटांत टेबलावर पोचलं नाही तर डाव गेला, हे तिथे दिलेलं असतं. कुठे ३० मिनिटं असतात, कुठे १५, कुठे एकही नाही.

फोन आणि स्मार्ट वॉच खिशात नकोत, बंद करूनही नकोत. खेळाडूच्या अंगावर फोन सापडला की डाव तिथेच जातो. अनेक ठिकाणी साधं मनगटी घड्याळही बाहेर काढून ठेवायला सांगतात. आई-बाबांनी दोरीच्या पलीकडे उभं राहून मुलाशी काही बोलायचं नाही. पंचांना मराठी कळत नसेल म्हणून मराठीत ‘पाणी पी, सावकाश खेळ’ म्हटलं तरी तक्रार होऊ शकते.

टेबलावर बसल्यावर

मुरलेला खेळाडू नियमांच्या बाबतीत चोख असतो, त्यामुळे घरगुती सवयी इथे लगेच पकडल्या जातात. ज्या मोहऱ्याला मुद्दाम हात लावलात तोच चालवावा लागतो, आणि समोरच्याच्या मोहऱ्याला लावलात तर तो मारावा लागतो, कायदेशीर चाल असेल तर. मोहरा नुसता घराच्या मधोमध सरकवायचा असेल तर स्वतःची पाळी असताना आधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणा आणि मगच हात लावा. किल्लेकोट (कॅसलिंग) एका हाताने करायचा आणि आधी राजा उचलायचा. आधी हत्तीला हात लागला तर त्या चालीला त्या बाजूचा किल्लेकोट करता येत नाही. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं.

प्यादं शेवटच्या घरात गेलं आणि वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचांना बोलवा. हत्ती उलटा ठेवून ‘हा वजीर’ म्हणण्याची गल्लीतली पद्धत स्पर्धेत चालत नाही, तो हत्तीच धरला जातो. बेकायदा चाल करून घड्याळ दाबलंत तर क्लासिकल डावात पहिल्या वेळी समोरच्याला २ मिनिटं जास्त मिळतात आणि दुसऱ्या वेळी डाव जातो. राजाला शह आहे हे न दिसणं, हीच यातली नेहमीची चूक.

चाली लिहिणं सक्तीचं आहे. आधी पटावर चाल, मग कागदावर. चाल आधी लिहून मग विचार करण्याची जुनी सवय काही कोच अजून लावतात, पण आज नियमाने ती बंद आहे. कागदावर चालींशिवाय घड्याळातली वेळ लिहायला मात्र परवानगी आहे आणि तिचा पुरेपूर फायदा घ्या. दर पाच चालींनंतर समासात स्वतःची उरलेली मिनिटं लिहा.

ओपनिंग : नेहमीचंच खेळा

तगडा खेळाडू समोर आला की नवखे दोनपैकी एक करतात. काही जण सापळा लावायला जातात. ई४ ई५, मग वजीर एच५ आणि उंट सी४, एफ७ वर मात करण्याची आशा. समोरचा घोडा सी६ काढतो, जी६ ने वजिराला हाकलतो, वजीर एफ३ वर आला की घोडा एफ६ ने मात अडवतो. चार चालींत काळ्याचे दोन घोडे बाहेर आलेले असतात आणि पांढऱ्याचा वजीर स्वतःच्याच घोड्याची जागा अडवून बसलेला असतो. ज्याने असे सापळे शेकड्याने पाहिले आहेत त्याच्यापुढे हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे.

दुसरे जण ‘बरोबरी तरी घेऊ’ म्हणून सपाट खेळतात. फ्रेंच बचावात ई४ ई६, डी४ डी५ झाल्यावर ई घेऊन डी५, ई घेऊन डी५ असं प्याद्यांना प्यादं मारून टाकायचं. प्याद्यांची रचना दोन्हीकडे सारखी होते हे खरं. पण पटावर अजून सगळे मोहरे असतात, ई पट्टी मोकळी असते आणि पुढे पस्तीस-चाळीस चालींचा डाव शिल्लक असतो. सारखी रचना म्हणजे बरोबरी नव्हे. शिवाय या खेळाडूने मनाने आधीच माघार घेतलेली असते, आणि ती त्याच्या चालींतून समोरच्याला दिसते.

म्हणून जे रोज खेळता तेच खेळा. इटालियन येत असेल तर ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ उंट सी५, मग सी३, डी३, किल्लेकोट, हत्ती ई१, एच३. यात धोका कमी आणि सगळे मोहरे कामाला लागतात. काळ्याकडून डी४ समोर आलं तर डी५, ई६, घोडा एफ६, उंट ई७, किल्लेकोट. समोरचा मुद्दाम बी३ किंवा जी३ असं काही आडवळणाचं खेळून तुम्हाला पाठांतराबाहेर काढेल, हे गृहीत धरा. तेव्हा घाबरून दहा मिनिटं आठवत बसू नका, कारण आठवण्यासारखं तिथे काही नसतं. मधली घरं प्याद्यांनी धरा, दोन घोडे आणि दोन उंट काढा, राजा सुरक्षित करा. पहिल्या दहा चालींत यापेक्षा जास्त काही साधायचं नाही.

मधला डाव : फुकट काही द्यायचं नाही

चारशेच्या फरकातले डाव बघितले तर खालचा खेळाडू फार खोल डावपेचाने क्वचित हरतो. तो बहुतेक वेळा एक मोहरा, एक प्यादं किंवा एक महत्त्वाचं घर फुकट देतो, आणि ते पंधराव्या ते तिसाव्या चालींच्या दरम्यान. त्यामुळे प्रत्येक चालीआधी एकच क्रम पाळा. समोरच्याने आत्ता जी चाल केली ती का केली? मी ठरवलेली चाल केल्यावर त्याच्याकडे कुठले शह आहेत, काय काय मारता येतं, आणि पुढच्या चालीला तो कशाची धमकी देऊ शकतो? हे पाहायला तीस ते चाळीस सेकंद लागतात. आणि ९० मिनिटं अधिक चालीमागे ३० सेकंद, या आपल्याकडच्या नेहमीच्या घड्याळात ते सहज बसतात.

घाबरलेला खेळाडू भराभर खेळतो, त्याला तो ताण लवकर संपवायचा असतो. समोरचा पाऊण तास घेतो आणि आपण बारा मिनिटांत वीस चाली केलेल्या असतात. समासात लिहिलेली वेळ इथे उपयोगी पडते. ढोबळ मानाने १५ चालींनंतर ७० मिनिटांच्या आसपास आणि ३० चालींनंतर किमान ३० मिनिटं हातात असावीत. १५ चालींनंतर ९० च्या वर असाल तर तुम्ही विचारच करत नाही आहात. ४० असतील तर शेवट तीस-तीस सेकंदांवर खेळावा लागेल, आणि तगडा खेळाडू नेमका तेव्हाच पट गुंतागुंतीचा करतो.

मोहरे मारामारीने कमी करण्याबद्दल जरा थांबून विचार करायला हवा, कारण नव्या खेळाडूंना सगळ्यात चुकीचा सल्ला याच बाबतीत मिळतो. ‘तगडा असेल तर सगळं मारून टाक, बरोबरी होईल.’ खरं म्हणजे चारशेचा फरक सर्वात जास्त दिसतो तो शेवटच्या डावात. तिथे पाठांतर नसतं, मोजणी आणि अनुभव असतो, आणि ते दोन्ही त्याच्याकडे जास्त आहेत. मारामारी करा, पण तुमचा वाईट मोहरा देऊन त्याचा चांगला मोहरा घेताना. स्वतःच्याच प्याद्यांमागे अडकलेला उंट देऊन त्याचा पुढच्या घरात रुतून बसलेला घोडा मिळाला तर लगेच घ्या. तुमच्याकडे एक प्यादं जास्त असेल तर मोहरे मारा, प्यादी ठेवा. प्यादं कमी असेल तर उलट, प्यादी मारा आणि मोहरे ठेवा.

आणि पटावर फक्त राजे आणि प्यादी उरणार असतील अशी शेवटची मारामारी तर शेवटपर्यंत मोजल्याशिवाय करूच नका. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला जागतिक अजिंक्यपदाच्या चौदाव्या डावात पांढऱ्याकडून खेळणाऱ्या तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेनने ५५ व्या चालीला हत्ती एफ२ वर नेऊन हत्तींची मारामारी देऊ केली. गुकेशने हत्ती मारले, मग उंट डी५ वर आणून उंटांचीही मारामारी घडवली, आणि उरलेला प्याद्यांचा डाव पांढरा हरलेला होता. बरोबरीकडे चाललेला डाव आणि त्यासोबत अजिंक्यपद एका मारामारीत गेलं. जगज्जेत्याला जिथे पाय घसरतो तिथे आपण पाच मिनिटं थांबलंच पाहिजे.

एक प्यादं गेलं तर खचू नका. मोहरा गेला तरी लगेच राजीनामा नको. समोरच्याला जिंकून दाखवू दे. त्याला पुढच्या फेरीसाठी दमायचं नसतं, तो घाईने खेळू लागतो आणि तिथे संधी येते. वजीर गेला आणि बदल्यात काहीच नसेल तर मात्र हात मिळवा.

शेवटचा डाव : चार गोष्टी पक्क्या असू द्यात

राजा आणि एक प्यादं विरुद्ध एकटा राजा. पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७ अशी रचना पटावर मांडा. चाल पांढऱ्याची असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. कोच याला ऑपोझिशन म्हणतात. घरी दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा खेळून बघा. पांढरा राजा सहाव्या ओळीत प्याद्याच्या पुढे पोचला, म्हणजे राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८, तर चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो.

हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती. बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्याच्या बढतीच्या घरावर किंवा लगत हवा आणि हत्ती स्वतःच्या बाजूने तिसऱ्या आडव्या ओळीवर. तो तिथे असेपर्यंत समोरचा राजा पुढे येऊ शकत नाही. त्या ओळीवर समोरचं प्यादं आलं की लगेच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहा. प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला आडोसा राहत नाही. ही फिलिडोरची रचना आहे. एवढी एक येत असेल तर हरत आलेले अनेक डाव वाचतात.

कडेचं प्यादं आणि चुकीच्या रंगाचा उंट : पांढऱ्याचं प्यादं एच पट्टीवर आणि उंट पांढऱ्या घरांचा असेल, तर काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात पोचला की बरोबरी, कारण एच८ काळं घर आहे आणि तिथून त्याला कुणी हुसकावू शकत नाही. चौथी गोष्ट, एकमेकांच्या विरुद्ध रंगाचे उंट उरले तर एक प्यादं कमी असूनही बऱ्याचदा डाव तरतो.

बरोबरीची बोलणी

प्रस्ताव द्यायचा तर आपली चाल पटावर करून, घड्याळ दाबण्याआधी द्यायचा, आणि कागदावर बरोबरीचं चिन्ह लिहायचं. एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा पुन्हा विचारलं तर पंच समज देतात. मोठ्या रेटिंगवाल्याला बाराव्या चालीला बरोबरी विचारू नका. तो नाहीच म्हणेल आणि तुमच्या मनात काय चाललंय ते त्याला कळेल.

उलट, त्यानेच तुम्हाला विचारलं तर तोंडाने काही न बोलता पाच मिनिटं पट बघा. चारशेने वर असलेला माणूस सहसा आपली बाजू कमकुवत आहे किंवा वेळ संपत आली आहे तेव्हाच विचारतो. तुम्ही नाही म्हणेपर्यंत किंवा चालीसाठी मोहऱ्याला हात लावेपर्यंत तो प्रस्ताव कायम असतो, त्यामुळे घाई नाही. तुमची बाजू खरोखर चांगली असेल आणि हातात पंधरा मिनिटं असतील तर खेळत राहा.

तीच रचना तिसऱ्यांदा येणार असेल तर ती चाल पटावर न करता कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना सांगायचं. दावा चुकला तर समोरच्याला २ मिनिटं मिळतात, म्हणून आधी कागदावरून तपासून घ्या. पंच स्वतःहून लक्ष घालतात ते पाचव्या वेळी.

तुम्हीच वरचढ असाल तेव्हा

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत हेही होईल. समोर आठ-नऊ वर्षांचं पोर, रेटिंग नाही किंवा नुकतंच १४०० पार झालेलं. त्या आकड्यावर विसंबू नका. मुलं रेटिंगच्या यादीपेक्षा वेगाने सुधारतात. डावपेच त्यांना चटकन दिसतात, पण चाळीस चाली धीर धरणं त्यांना जड जातं. त्यामुळे भपकेबाज बळी देत बसू नका, शांत रचना घ्या, राजा सुरक्षित ठेवा आणि डाव लांबवा. समोरचं मूल टेबलावरून उठून इतर पट बघत फिरायला लागलं की समजा, त्याचं लक्ष सुटलं आहे.

डाव संपल्यावर

घड्याळ थांबवा, हात मिळवा, दोन्ही कागदांवर निकाल लिहून सह्या करा आणि कागद पंचांकडे द्या. निकाल उलटा लिहिला गेल्याचं सहीनंतर लक्षात येणं फार त्रासाचं असतं, तेव्हा सही करताना एकदा वाचा. मग हॉलबाहेर, ठरवून दिलेल्या जागी, समोरच्याला अदबीने विचारा, डाव थोडा बघायचा का? मोठे खेळाडू बहुतेक हो म्हणतात, विशेषतः जिंकल्यावर. त्याला दोनच प्रश्न विचारा : कुठल्या चालीनंतर तुम्हाला वाटलं की आता आपली बाजू चांगली झाली? आणि तिथे माझ्या जागी तुम्ही काय खेळला असता? उत्तर कागदाच्या मागे लिहून ठेवा. इंजिनवर, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रामवर, डाव त्या रात्री घालू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी आहे. ते काम स्पर्धा संपल्यावर करा. आधी चूक स्वतः शोधा, मग इंजिन काय म्हणतं ते पडताळा.